सात नंबरचं खोकं

आमच्या घरात तीनशे चौदा खोकी आहेत आणि त्यातलं एकही आजवर उघडलेलं नाही, असं आमचे हे आल्यागेल्याला सांगायचे. खरा आकडा होता तीनशे तेरा. ही गोष्ट बावीस वर्षं दोघींनाच माहीत होती, मला आणि माझ्या लेकीला. आणि त्या दोघींतही गुन्हेगार एकच, ती म्हणजे मी.

खोक्यांत काय असतं ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमचं चपलांचं दुकान आहे. जुन्या बोटी, विमानं, रेल्वेची इंजिनं, ट्रॅक्टर यांच्या छोट्या प्रतिकृती, पण सुट्या भागांत. प्लॅस्टिकच्या चौकटींना ते भाग लटकलेले असतात. एकेक कापून घ्यायचा, गोंदाने जोडायचा, की टेबलावर मावेल अशी अख्खी बोट तयार. ही खोकी काढणारे बरेचसे कारखाने कधीच बंद पडले, म्हणून ती दुर्मिळ. आता कुणीही शहाणा माणूस विचारेल, मग तुम्ही जोडता कधी? जोडत नाहीत! तिथेच तर सगळं घोडं अडलंय. ह्यांच्या मते जोडलं की ते खेळणं झालं, सील न तोडता ठेवलं तर तो संग्रह. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी म्हटलं होतं, "अहो, म्हणजे आयुष्यभर नुसती बोलणीच करत राहायची आणि लग्न लावायचंच नाही, असं झालं हे." त्यावर हे जरा विचार करून म्हणाले, "बोलणीच बरी असतात." मी काय समजायचं ते समजले आणि पोळ्या लाटायला गेले.

ह्यांचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, हे मागच्या खोलीत बसून प्लॅस्टरचे साचे ओततात, गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवतात, त्यात एकेक दात बसवतात. त्यामुळे गल्लीत सगळे ह्यांना कवळीवालेच म्हणतात. अर्ध्या गावाचं हसू ह्यांच्या हातचं आहे, पण स्वतः हसायचे म्हणाल तर सणावारी. दिवसाला मोजून पंधरा वाक्यं बोलतात आणि त्यातली सहा "हं" असतात. राग म्हणून नव्हे हो. स्वभावच तसा. मी सुरुवातीला फार मनाला लावून घेतलं, मग कळलं की हा माणूस भिंतीशीही एवढंच बोलतो, आणि गप्प बसायला शिकले. म्हणजे मी नाही बसले गप्प, त्यांच्या वाटचंही मीच बोलायला लागले.

मागच्या खोलीच्या तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर ती खोकी. प्रत्येकाच्या दोन बाजूंना कारखान्याची कागदी पट्टी चिकटवलेली, तीच त्यांची मोहोर. पट्टी न फोडता आत सगळे भाग आहेत की नाहीत हे कसं कळणार? त्यावर ह्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. प्लॅस्टर मोजायला त्यांच्याकडे बारीक काटा आहे, त्यावर खोकं ठेवायचं आणि वजन वहीत लिहायचं. मग खोकं कानाशी धरून हळूच हलवायचं. चौकटी शाबूत असतील तर एक आवाज, एखादा भाग आत सुटून पडला असेल तर दुसरा. दरवर्षी कोरडी हवा पडली की तीनशे चौदा खोकी खाली उतरायची, वजनं व्हायची, कानाला लागायची, परत वर जायची. कोरड्या हवेतच का, तर पुठ्ठा ओल धरतो आणि वजन दोन-तीन ग्रॅमनी खोटं बोलतं. हा उद्योग आठवडाभर चाले. शेजारची वहिनी एकदा डोकावून म्हणाली, "डॉक्टरसारखे तपासतायत की!" मी म्हटलं, "डॉक्टर निदान फी तरी घेतो."

पण ह्या पद्धतीमुळे ह्यांचं नाव झालं होतं, हे मान्य करायला हवं. असली खोकी जमवणारी माणसं जगात असतात तेवढी असतात, आणि एकमेकांवर संशय घेण्यात त्यांचा निम्मा वेळ जातो. ह्यांच्याबाबतीत मात्र सगळे म्हणत, कवळीवाल्यांनी भरलेलं आहे म्हटलं म्हणजे भरलेलं आहे, उघडून बघायची गरज नाही. ह्या एका वाक्यावर माझा नवरा चार दिवस खूश असे.

ह्यांचे एकच दोस्त. घड्याळवाले. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनाही ह्या प्रतिकृतींचं वेड, पण अगदी उलट्या तऱ्हेचं. खोकं हातात पडायचा अवकाश, पट्टी फाडलीच. तीस वर्षं दोघं दर रविवारी ह्याच एका गोष्टीवर वाद घालत आले. म्हणजे घड्याळवाले वाद घालायचे आणि हे "हं" म्हणायचे. एका बंद पडलेल्या कारखान्याने बारा बोटींची एक मालिका काढली होती, त्यातल्या अकरा घड्याळवाल्यांनी जोडून काचेच्या कपाटात मांडल्या होत्या. राहिली होती ती सात नंबरची.

सात नंबर म्हणजे बंदरातला गाळ उपसणारी बोट. काय सांगू, दिसायला अगदी कुरूप. मधोमध एक साखळी, साखळीला छत्तीस छोट्या बादल्या. त्या काळी कुणी विकत घेतली नाही, सगळ्यांना लढाऊ जहाजं हवी होती. कारखान्याने थोडी खोकी काढून तो साचाच मोडीत घातला. आणि आता जी तेव्हा कुणाला नको होती, तीच नेमकी सगळ्यांना हवी. ती आमच्या फळीवर होती. घड्याळवाल्यांनी कितीदा तरी मागितली, हे कधी बधले नाहीत.

गेल्या वर्षी घड्याळवाल्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची, मग स्क्रू हातातून निसटायला लागले. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, वर्षभर बारीक काम जमलं तरी खूप. त्यांनी दुकान बंद केलं. आणि एका सोमवारी हे त्यांच्याकडून आले, चपला काढल्या, आणि माझ्यासमोर उभे राहून एवढं लांब बोलले की मी हातातला झारा खाली ठेवला. "सात नंबरचं खोकं मी घड्याळवाल्यांना देतोय. रविवारी नेऊन देतो. त्यांचे हात चालतायत तोवर त्यांची ती बोट जोडून होऊ दे. एवढं एकच राहिलंय त्यांचं."

चौतीस वर्षांत ह्या माणसाने एक खोकं कुणाला दिलं नव्हतं. दुसरी कुठली वेळ असती तर मी अभिमानाने गल्लीभर सांगत सुटले असते. त्या दिवशी मी झारा उचलून पुन्हा कढईत घातला आणि मान वर केली नाही. कारण त्या खोक्यात बोट नव्हती. त्यात होते प्लॅस्टरचे दात.

आता बावीस वर्षं मागे जावं लागेल. ह्यांचे थोरले भाऊ आजारी होते म्हणून हे चार दिवस त्यांच्याकडे गेले होते. मी ग्रंथालयात कामाला, फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची, पानं सांधायची, पुठ्ठे बांधायचे. लेक नऊ वर्षांची. तिला सुट्टी होती, शेजारच्या वहिनीला लक्ष ठेवायला सांगून मी कामावर गेले. संध्याकाळी दार उघडते तर मागच्या खोलीत जमिनीवर पोरगी पालथी पडलेली आणि तिच्यासमोर गाळाची बोट. पूर्ण. छत्तीसच्या छत्तीस बादल्या लावलेल्या. मला बघून ती उठलीसुद्धा नाही, नुसती बोटाने साखळी ढकलली आणि ओरडली, "आई, बघ, फिरते!"

आणि मी काय म्हणाले? "काय करून ठेवलंस हे!"

माझीही एक बाजू आहे, ती सांगते. त्याच्या आदल्या वर्षी ह्यांच्या पुतण्याने एका विमानाची पट्टी फोडली होती, ते खोकं मोजदादीतूनच बाद झालं. हे त्याला एक शब्द बोलले नाहीत. त्याला काय, कुणालाच बोलले नाहीत. आठ दिवस आमच्या घरात "हं"सुद्धा नव्हतं. मला ते आठ दिवस आठवले आणि माझं डोकंच फिरलं. मी पोरीला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाले, "बाबांना कळलं ना, तर ते तुझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाहीत. तोंडातून ब्र काढायचा नाही." पोराला धाक घालताना आपण काय वाटेल ते बोलून जातो. आपल्याला दुसऱ्या दिवशी आठवतही नाही.

मग मी कामाला लागले. लेकीने पट्टी पात्याने सरळ कापली होती, फाडली नव्हती, ते माझ्या पथ्यावर पडलं. फाटलेलं पान सांधायचं माझं रोजचंच काम. आतून पातळ कागद, बाहेरून खळ, वरून वजन ठेवून रात्रभर सुकवायचं. माझ्या हाताची सांध भिंगाखालीसुद्धा दिसत नाही. प्रश्न होता वजनाचा आणि आवाजाचा. वहीत वजन होतं चारशे बारा ग्रॅम. आवाज सोपा होता. भाग कापून घेतल्यावर उरलेल्या रिकाम्या चौकटी मी तशाच आत घातल्या, हलवलं की त्या बरोबर खुळखुळत. वजनासाठी ह्यांच्या बादलीतले टाकून दिलेले प्लॅस्टरचे साचे घेतले, माझ्या जुन्या ओढणीत घट्ट गुंडाळले आणि काट्यावर तुकडा काढत, तुकडा घालत चारशे बारावर आणले. बाई मी, पण त्या दिवशी एखाद्या सराईत चोराने माझ्याकडे शिकवणी लावली असती.

आणि बोट? बोट मी मोडली. घरात ठेवली असती तर कधी ना कधी सापडली असती. दोन हातांनी मोडली, कागदात बांधली, आणि आमच्या इमारतीच्या कचऱ्यात नको म्हणून पार बाजारापर्यंत जाऊन टाकून आले. मोडत असताना लेक दारात उभी होती. रडली नाही. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे.

पुढच्या कोरड्या हवेत खोकी खाली उतरली. सात नंबर काट्यावर चढलं तेव्हा मी दाराआड उभी होते. चारशे पंधरा! प्लॅस्टर पुठ्ठ्यापेक्षा जास्त ओल पितं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हे बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. मग कानाशी धरून हलवलं, आणि वहीत लिहिलं, पुठ्ठ्याने ओल धरली. माझ्या जिवात जीव आला. पुढे दरवर्षी तेच. जगाच्या हसण्याची मापं काढणारा माणूस, पण खोक्याच्या बाबतीत काट्यावर आणि कानावर त्याचा एवढा विश्वास की डोळे वापरायचं त्याच्या मनातच आलं नाही.

त्या दिवसानंतर लेक कधी मागच्या खोलीत गेली नाही. आधी शाळेतून आली की तिथेच ह्यांच्या पायाशी बसून मेणाचे प्राणी करायची. मग नाहीच. बाबांना चहा द्यायचा असला तरी दारातून हाक मारायची. ती चौदाची असताना हे एकदा जेवताना म्हणाले, "पोरीला माझ्या कशात रस नाही." मी म्हटलं, "वय आहे तिचं." एवढं बोलून मी विषय संपवला. मला ठाऊक होतं, तरी संपवला. आता ती एकतिसची आहे, दुसऱ्या शहरात पूल बांधणाऱ्या कंपनीत नोकरीला. दर आठवड्याला फोन करते, माझ्याशी तासभर बोलते. मग बाबा. "कसे आहात?" "बरा." "ठेवते." "हं."

तर तो सोमवार. मंगळवारी मी ठरवलं की घड्याळवाल्यांना जाऊन गुपचूप सांगावं, तुम्हीच नको म्हणा. गेले, त्यांनी दार उघडलं, आणि मी बघते तर टेबल पुसून ठेवलेलं, दिवा नवा लावलेला, चिमटे ओळीने मांडलेले. मला म्हणाले, "वहिनी, सकाळी औषध घेतल्यावर दोन तास हात माझं ऐकतात. रोज दोन तास. चार महिन्यांत होईल बघा." मी चहा पिऊन तशीच परत आले. बुधवारी लेकीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "तू सांग किंवा नको सांगू आई. माझं आता काही बदलणार नाही." मला राग आला. म्हटलं, इकडे मी रडकुंडीला आलेय आणि ही बघा कशी बोलते.

गुरुवार, शुक्रवार मी स्वतःशीच भांडण्यात घालवले. न सांगावं, तर रविवारी घड्याळवाले पट्टी फाडणार, आतून दात निघणार, आणि ज्याच्या शब्दावर खोकं उघडून बघायची गरज नाही म्हणतात तो माझा नवरा आपल्या एकुलत्या दोस्तापुढे खोटा पडणार. सांगावं, तर तेवीस वर्षांनी पुन्हा ते आठ दिवस. कदाचित आठावर न थांबणारे. खरं सांगते, मला स्वतःचीच जास्त काळजी वाटत होती. ह्या वयात आता ते गप्प बसणं मला झेपलं नसतं.

शनिवारी सकाळी ह्यांनी खोकं खाली काढलं. काट्यावर ठेवलं, वहीत शेवटचं वजन लिहिलं, वर खाकी कागद गुंडाळायला घेतला. एवढ्या निगुतीने घडी घालत होते की मला बघवेना.

"अहो, थांबा," मी म्हटलं. "त्यात बोट नाही."

एकदा तोंड उघडल्यावर मी थांबले नाही. पोरीने उघडलं, मी पट्टी सांधली, चौकटी, दात, ओढणी, सगळं सांगितलं. बोट मोडल्याचं तेवढं राहिलं. हे खुर्चीवर बसले. मग मेण कापायची सुरी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा एक पट्टी कापत होते, तर सुरी कुठून घालायची तेच त्यांना कळेना. मी सांधलेल्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी रेघ उजेडात धरली, तिरकी करून पाहिली. म्हणाले, "छान सांधलंयस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओढणी सोडल्यावर दात टेबलावर घरंगळले. ह्यांनी एक जबडा उचलला, उलटासुलटा केला. "हे खालच्या मजल्यावरचे वकील." वकिलांना जाऊन पंधरा वर्षं झाली असतील. एरवी मी हसून लोटपोट झाले असते. मग त्यांनी रिकाम्या चौकटी काढल्या. एकेक खिडकीशी नेऊन पाहिली, भाग जिथून कापले होते तिथे अंगठा फिरवला.

"ओरबाडलेलं कुठेच नाही," हे म्हणाले. "कशाने कापले?"

"तुमच्या त्या छोट्या कात्रीने."

"नऊ वर्षांची होती ना?"

"हो."

"बादल्या लावल्या होत्या?"

"सगळ्या. छत्तीस."

"आणि साखळी?"

"फिरत होती."

हे वळले. "ती फिरत नाही. ज्यांनी ज्यांनी जोडली त्यांची सगळ्यांची अडकली. गोंद कड्यांत जातो. घड्याळवाल्यांनी चार जणांना पत्रं लिहून विचारलंय. कुणाचीच फिरली नाही."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितली. बोटाने ढकलली की सरसर फिरत होती."

ह्यांचा चेहरा असा उजळला की चौतीस वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. खोकं रिकामं निघालं ह्याचं त्या माणसाला काही नव्हतंच. "कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "ठेवली असशील ना कुठेतरी?"

मला तेव्हा धरणी दुभंगावी असं वाटलं. मी सांगितलं, मोडली. ह्या हातांनी. तिच्या देखत.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मला दाखवायची होतीस गं." आणि चौकटी एकावर एक रचून ठेवायला लागले. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडले. मी आजवर धरून बसले होते की मी पोरीला बापाच्या रागापासून वाचवलं. खरं तर तिने केलेली इतकी सुंदर गोष्ट मी तिच्या बापाला बघूच दिली नव्हती.

रविवारी आम्ही दोघं घड्याळवाल्यांकडे गेलो. हे म्हणाले, दातांसकट खोकं घेऊन जाऊ, जे आहे ते आहे. घड्याळवाल्यांनी सगळं ऐकलं आणि खिडकीकडे तोंड केलं. मांडीवरचे हात थरथरत होते, ते त्यांनी एकमेकांत अडकवले. त्यांना लागलं होतं, ते दिसतच होतं. मग म्हणाले, "म्हणजे बावीस वर्षं मी वकिलाच्या दातांसाठी तुमच्या पायऱ्या झिजवल्या!" आणि हसले. हसले, पण डोळे पुसले.

हे म्हणाले, "घरी चला. कुठलंही खोकं निवडा. दोन काढा. पट्ट्या मी कापतो, जिथे हात अडेल तिथे मी धरतो."

"ते बघू आपण." घड्याळवाले पुढे वाकले. "आधी मला सांगा, साखळी कशी फिरवली तिने?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"नाही."

"अहो कवळीवाले, कमाल करता! घरी जा आणि आधी पोरीला फोन लावा."

घरी येऊन ह्यांनी चपलाही काढल्या नाहीत. फोन लावून टेबलावर ठेवला आणि ते मोठ्याने बोलायचं बटण दाबलं, कारण कानाला धरून बोलायची त्यांना सवय नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"मी बोलतोय," हे म्हणाले.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. अगं, ती सात नंबरची बोट. आईने सांगितलं मला."

पलीकडून बारीकसं, "हं."

"साखळी कशी फिरवलीस?"

ती म्हणाली, "मेण. तुमच्या टेबलावरचं गुलाबी मेण गरम करून कड्यांत भरलं. म्हणजे गोंद आत गेला नाही. मग गरम पाण्यात धरली, मेण निघून गेलं."

"हं," हे म्हणाले. आणि मग, "कुणाला सुचलं नाही हे. इतक्या मोठमोठ्या माणसांना. कुणालाच नाही."

"बाबा, तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय?"

"मी उघडलं ते. आई म्हणाली होती, बाबांना कळलं तर ते तुझ्याशी कधी बोलणार नाहीत. तुम्ही भाऊकाकांकडून आलात आणि बोललाच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, कळलं. मग मी रोज वाट बघायचे, आज राग जाईल, आज बोलतील. शाळा संपेपर्यंत बघायचे."

बावीस वर्षांपूर्वी मी एक वाक्य बोलले आणि विसरून गेले, आणि माझं लेकरू रोज ते खरं होताना बघत मोठं झालं.

"मला काहीच माहीत नव्हतं गं," हे म्हणाले. "मी कसला राग धरतोय. मला बोलता येत नाही, बाळा. कुणाशीच येत नाही. मी असाच आहे."

"ते कळलं मला, नोकरीला लागल्यावर. पण तोवर आपल्याला सवय झाली होती."

ह्यांनी खुर्ची ओढली आणि फोनजवळ बसले. दोन्ही हात टेबलावर ठेवले, राहिलेल्या सगळ्या पट्ट्या फोडायला बसल्यासारखे. "आज आहे का वेळ तुला?"

"आहे."

"मग सांग. पट्टी कापलीस तिथपासून. आधी कुठला भाग घेतलास, मग कुठला. सगळं सांग, मी ऐकतोय."

पलीकडे ती हसली की रडली ते मला कळलं नाही. मग तिने नऊ वर्षांच्या मुलीच्या घाईने सांगायला सुरुवात केली. मी दार लोटून घेतलं. बावीस वर्षांपूर्वी ती बोट बघून त्या संध्याकाळीही मला एवढंच करायला हवं होतं.